मुलीचा पट्टा हिरवा झाला, पण तिला कराटे येतं का?

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. गेल्या जूनपासून कराटेच्या क्लासला जाते. दहा महिन्यांत तीन परीक्षा झाल्या, पट्टा हिरवा झाला, भिंतीवर पाच पदकं टांगली आहेत. आता सर म्हणतात, मे महिन्यात निळ्या पट्ट्याची परीक्षा द्या आणि लगेच परराज्यात ‘नॅशनल’ला चला. दोन्हींचा खर्च ऐकून घरात वाद सुरू झालाय. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून नातीला म्हणतात, “मारामारी शिकीसन काय करशी व माय?” ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: चांगल्या क्लासचा महिना कसा जातो, ही पदकं खरी मानायची का, आणि मुलीला पुढे न्यायचं की इथेच थांबवायचं.

ताई, मी भुसावळला चोवीस वर्षं शोतोकान पद्धतीचं कराटे शिकवतोय. तुमच्या सरांना मी ओळखत नाही आणि ते चुकीचंच करत असतील असं मी धरूनही चालत नाही. पण तुमच्या पत्रात पट्टा आहे, पदकं आहेत, खर्च आहे. मुलीला काय करता येतं याबद्दल एक ओळही नाही. ती लिहायची राहून गेली असेल तर उत्तम. पण क्लासकडून तुम्हाला ते कधी कळलंच नसेल, तर खरी अडचण तिथे आहे.

आधी पदकांचं बघू, कारण वाद त्यावरून पेटलाय.

कराटेच्या लढतीत एका वजनगटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि बहुधा दोन कांस्य अशी चार पदकं दिली जातात. आता गटात चारच मुली असल्या तर? प्रत्येकीला पदक. पहिलीच लढत हरून मॅटवरून उतरलेली मुलगीही गळ्यात कांस्य घालून फोटोला उभी राहते. गटात दोघीच असल्या तर एक लढत जिंकली की सुवर्ण आणि हरली की रौप्य. खुल्या स्पर्धांमध्ये वय, वजन, पट्टा असे इतके गट पाडतात की दोन-तीन मुलांचे गट सर्रास निघतात. म्हणून मी पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: “गटात किती जणी होत्या आणि तू किती लढती जिंकलीस?” तिला आठवत असेलच. मुलं हे विसरत नाहीत. पाच पदकांमागे एकूण तीन जिंकलेल्या लढती निघाल्या तर तो आकडा खरा, पदकांचा नाही. आणि सोळा मुलींच्या गटात दोन लढती जिंकून तिसरीत हरलेली मुलगी कांस्य घेऊन आली असेल, तर ते तुमच्या भिंतीवरच्या सगळ्या सुवर्णांच्या वर टांगा.

हे मला फार महागात पडून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांना खुल्या स्पर्धांना न्यायचो. गाडी भरून जायचो, गाडी भरून पदकं आणायचो, गावात फ्लेक्स लागायचा. माझ्या एका विद्यार्थ्याकडे अशी अकरा पदकं होती. तो शालेय जिल्हा स्पर्धेत उतरला आणि मिनिटभरात शून्य-आठने हरला. आठ गुणांचा फरक पडला की लढत तिथेच थांबते, त्यामुळे त्याला सावरायलाही वेळ मिळाला नाही. त्याचे वडील रेल्वेत होते. घरी जाताना ते शांतपणे म्हणाले, “सर, मग ती पदकं कसली होती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षापासून माझ्या क्लासचा महिना बदलला.

‘नॅशनल’ या शब्दाबद्दल. तो शब्द कोणीही स्पर्धेच्या नावात घालू शकतो. शासनाच्या शालेय स्पर्धांची शिडी वेगळी आहे: जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि तिथून निवड झाली तर भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं विभागात नाशिकच्या मुलांशी भिडतात, आणि तिथे आपल्या मुलांना खरी उंची कळते. या शिडीवर पैसे भरून वरच्या पायरीवर जाता येत नाही. खालची जिंकावी लागते. प्रवेश शाळेमार्फत होतो, म्हणून शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच भेटा. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड तयार ठेवा. दहावी-बारावीचे क्रीडा गुण किंवा पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण हे सगळं मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर चालतं. कोणती स्पर्धा त्यात बसते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन पैसे भरण्याआधी विचारायचं, नंतर नाही. जळगावला कामासाठी येणं होतच असेल, त्याच फेरीत होऊन जाईल.

खुल्या स्पर्धा वाईटच असतात असं मात्र नाही. पहिल्यांदा मॅटवर उभं राहायची भीती मोडायला, अनोळखी मुलीसमोर वाकून नमस्कार करायला त्या उपयोगी पडतात. वर्षातून एखादी, जवळची, एका दिवसात जाऊन येता येईल अशी. भर उन्हाळ्यात दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करून नाही.

आता पट्टा. पट्ट्यांच्या श्रेणी कराटेने ज्युदोकडून घेतल्या. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि श्रेणी लावल्या. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले, तिथेच राहिले आणि 1924 मध्ये त्यांनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. त्या पहिल्या काळ्या पट्ट्याला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. आपल्याकडे काळा पट्टा म्हणजे शिक्षण संपलं असं समजतात. मुळात तो शिकायला तयार झाल्याचा दाखला आहे.

रंगांचा क्रम संघटनेप्रमाणे थोडा बदलतो, पण शोतोकानमध्ये हिरव्या पट्ट्यापर्यंत साधारण पहिले तीन हेइआन काता अपेक्षित असतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच. हेइआन शोदानच्या 21 हालचाली, निदानच्या 26, सानदानच्या 20. म्हणजे तुमच्या मुलीला 67 हालचाली क्रमाने यायला हव्यात. सुरुवातीच्या पट्ट्यांना तीन-तीन महिने लागले, तर त्यात मला गैर वाटत नाही. लहान मुलांना छोटी पायरी लागते. पण हिरव्यापासून पुढे मी सहा महिन्यांच्या आत कोणालाही परीक्षेला बसवत नाही आणि तपकिरीला वर्ष घेतो. कारण इथून पुढे नवीन हालचाल शिकणं सोपं असतं, जुनी हालचाल खरी होणं अवघड असतं.

ती खरी झाली का, हे तुम्ही घरी तपासू शकता. कराटे येत नसलं तरी चालेल. सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जा. खडूने एक फुली मारा आणि मुलीला त्यावर उभं राहून हेइआन शोदान करायला सांगा. हा काता जिथे सुरू होतो तिथेच संपतो. ती फुलीपासून हातभर लांब संपली तर काही बिघडलं नाही. चार पावलं लांब संपली तर तिच्या पावलांची लांबी दर वेळी वेगळी पडते आहे, म्हणजे ठाण (पाय रोवून उभं राहणं) पक्कं नाही. मग तिला तोंड विरुद्ध दिशेला करून तोच काता करायला सांगा. क्लासमध्ये मुलं नकळत पुढच्याकडे बघून, भिंतीवरच्या फळ्याच्या, खिडकीच्या खुणेने वळायला शिकतात. खिडकी पाठीमागे गेली की अर्धी मुलं तिसऱ्या वळणावर अडतात. ती अडली तर तिला रागावू नका. तो काता तिच्या डोळ्यांत आहे, पायात अजून उतरलेला नाही, एवढंच कळलं.

दुसरी चाचणी रुमालाची. दाराच्या चौकटीला दोरीने एक रुमाल टांगा, तिच्या तोंडाच्या उंचीवर. तिला पूर्ण जोरात ठोसा मारायला सांगा, पण रुमालाला हात लागता कामा नये. बोटभर अलीकडे थांबायला हवा. ठोशाच्या वाऱ्याने रुमाल हलला तर छानच. लढतीत सगळं यावरच आहे. ठोशाला एक गुण, पोटावर किंवा छातीवर नीट बसलेल्या लाथेला दोन, डोक्याच्या उंचीवरच्या लाथेला तीन. पण चेहऱ्याकडे गेलेला हात थांबवता आला नाही तर गुणाऐवजी दंड. ज्या मुलीला थांबता येतं तिच्याबरोबर सराव करायला बाकी मुली घाबरत नाहीत, आणि जिच्याबरोबर सगळ्या सराव करतात तीच पुढे जाते.

महिन्याचं विचारलंत. माझ्याकडे आठवड्याला तीन दिवस आणि रविवार. पहिल्या आठवड्यात नवीन काहीच नाही. फक्त किहोन, म्हणजे मूळ ठोसे, अडवणी, लाथा, ठाण. आणि मागच्या महिन्यात वहीत लिहिलेली चूक. बाहेरून बघणाऱ्याला हा आठवडा कंटाळवाणा वाटतो. काही पालक विचारतात, “सर, पोरगी तेच तेच करतेय.” तेच तेच करायलाच ती आली आहे. दुसरा आठवडा काताचा: आधी सगळे मिळून, मग दोघं-दोघं, मग एकट्याने, आणि प्रत्येक हालचाल समोरच्या माणसावर कशी लागू पडते ते जोडीने. तिसऱ्यात कुमिते, म्हणजे जोडीने लढत, आधी ठरवून, एक पाऊल, तीन पावलं, आणि शेवटी मोकळी. दातांचा गार्ड आणि हातमोजे नसतील तर मोकळी लढत नाही, मग ते मूल कितीही हट्ट करो. चौथ्या आठवड्यात आपापसात लढती. गुण लिहायला मोठी मुलं बसतात, कारण झेंडा धरून निर्णय देणाऱ्याला नियम आपोआप पाठ होतात.

शेवटच्या रविवारी आधी सगळे मिळून हॉल झाडतो, मॅट पुसतो आणि मग वही. प्रत्येकाची दोनशे पानी वही आहे. त्यात महिन्याला दोनच ओळी: या महिन्यात काय आलं, काय राहिलं. पहिली ओळ मूल लिहितं, दुसरी मी. पालकांना बसायला बोलावतो. मागच्या वर्षीच्या काही ओळी सांगतो, म्हणजे आमच्याकडे कोणती गोष्ट मोठी मानतात ते कळेल. यावलच्या एका मुलाने लिहिलं: “मावाशी गेरी मारताना मागची टाच वळायला लागली.” मावाशी गेरी म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ. त्याला सहा महिने लागले होते, टाच न वळवता मारलेली लाथ आज नाही तर उद्या गुडघ्याला त्रास देते. एक मुलगी पाच महिने ओरडतच नव्हती. ठोशाबरोबर आतून आवाज काढायचा, ‘किआई’. तिचे ओठ नुसते हलायचे. पाचव्या महिन्यात तिचा आवाज हॉलभर घुमला आणि सगळी मुलं थांबून तिच्याकडे बघायला लागली. मी त्या दिवशी तिच्या वहीत दुसरी ओळ लिहिली नाही. एक मुलगी राज्य स्पर्धेत पहिल्या लढतीत शून्य-आठने हरली होती. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच पोचली आणि दोन-तीनने हरली. पदक दोन्ही वर्षी नाही. गावात फ्लेक्सही नाही. माझ्या चोवीस वर्षांत यापेक्षा मोठी झेप मी थोडीच पाहिली.

आणि महिना आपल्या खान्देशाच्या पंचांगानेच चालवावा लागतो, जपानच्या नाही. जून-जुलैत नवी भरती, नव्या ड्रेसवर काळ्या मातीचे डाग. श्रावणात कानबाईच्या सणाचा रविवार आला की हॉल रिकामा. मी त्या दिवशी वर्ग ठेवतच नाही. पोळ्याच्या आगेमागे शालेय स्पर्धांची गडबड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापूस वेचायला हात कमी पडतात तेव्हा शेतकऱ्यांची मुलं आठ-पंधरा दिवस दिसत नाहीत. त्यांची गैरहजेरी मी मांडत नाही. जी परत येतात त्यांना पहिले तीन दिवस पांढऱ्या पट्ट्यांना शिकवायला लावतो. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं विसरलेलं परत येतं. फेब्रुवारी-मार्च परीक्षेचे. आणि आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, मामाच्या गावाला जाणं होणार. ते सोडून मुलीने क्लासला यावं असं मी कधीच म्हणणार नाही.

उन्हाळ्याचं मात्र कडक सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. माझा वर्ग पावणेसहाला सुरू होतो आणि सातला संपतो. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. पत्र्याच्या शेडखाली संध्याकाळी पाच वाजता मुलांना पळवणारा क्लास असेल, तर उन्हाळाभर पाठवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, मूल बरळायला लागलं किंवा घाम यायचाच थांबला, तर सावलीत न्या, अंग ओल्या कपड्याने पुसत राहा, वारा घाला आणि लगेच दवाखाना. शिस्तीच्या नावाखाली पाणी नाकारणाऱ्याकडे एक दिवसही ठेवू नका.

याच रांगेत बसणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या बघितल्या की मी पालकांना दुसरा क्लास शोधा म्हणतो. मिरवणुकीत मुलांच्या हातावरून मोटारसायकल नेणं, डोक्यावर कौलं फोडणं, फरशीवर मुठी टेकून जोर काढायला लावणं. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कोवळी असतात. हे कराटे नाही. आणि वजन. खालच्या गटात बसावी म्हणून स्पर्धेआधी दोन दिवस मुलीला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं. सांगतात अगदी सहज, “ताई, एक किलोच तर कमी करायचंय.” अकरा वर्षांच्या मुलीची वाढ चालू आहे. तिने कळण्याची भाकरी, वरण, दूध, केळी पोटभर खावी आणि ज्या गटात बसेल त्या गटात खेळावं. हरली तर हरली.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगतो. तुम्ही न कळवता कधीही जाऊन दारात उभं राहू शकता का? एकट्या मुलीला वर्ग संपल्यावर ‘खास शिकवणी’साठी थांबवत तर नाहीत ना? ठाण दुरुस्त करताना हात लावण्याआधी सर सांगतात का? क्लासमध्ये एखादी मोठी मुलगी किंवा बाई मदतनीस आहे का? अजून दोन-तीन वर्षांनी तिला पाळी येईल आणि नेमक्या त्या वयात आपल्याकडे मुली क्लास सोडतात. पांढऱ्या ड्रेसची लाज, कपडे बदलायला जागा नाही, कोणाला सांगायची सोय नाही. आमच्याकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी आता शिकवते. ती आल्यापासून तेरा-चौदा वर्षांच्या मुली टिकायला लागल्या. हे मला एकट्याला जमलं नसतं.

सासूबाईंच्या प्रश्नाचंही उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. दहा महिने कराटे शिकून अकरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसाशी लढू शकत नाही. तसं कोणी सांगत असेल तर ते धोक्याचं आहे. आम्ही मुलींना शिकवतो ते हे: मोठ्याने ओरडायचं, हात सोडवून पळायचं, माणसं आहेत तिकडे पळायचं आणि घरी येऊन सांगायचं, त्रास देणारा कोणी ओळखीचा असला तरी. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेतो. आजींना एकदा शेवटच्या रविवारी क्लासला घेऊन जा. मुली एकमेकींना वाकून नमस्कार करून सुरुवात करतात, हरल्यावर परत वाकतात. आपल्याकडे आखाड्यात उतरणारा पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकली तेव्हा घराघरातल्या आजी-आजोबांना अभिमान वाटलाच होता. हे त्याच जातीचं काम आहे.

आता तुमच्या मुलीचं. क्लास बंद करू नका, कारण तिला जायला आवडतं असं तुम्हीच लिहिलंय. ‘नॅशनल’चे पैसे भरू नका. मेची परीक्षा पुढे ढकलायला सांगा, दिवाळीनंतर देऊ म्हणा. चांगले सर याला हरकत घेणार नाहीत, आणि त्यांनी घेतलीच तर का घेतली ते विचारा. वर्षभराचा परीक्षा, पट्टा, प्रमाणपत्र, स्पर्धा असा सगळा खर्च एका कागदावर लिहून मागा. वही तुम्हीच घरी सुरू करा, पहिली ओळ तिला लिहू द्या, दुसरी सरांकडून लिहून आणा. तिला यंदा चौदा वर्षांखालच्या गटात शाळेकडून जिल्हा स्पर्धेत उतरवा. बहुतेक ती पहिल्या-दुसऱ्या लढतीत हरेल, कारण समोर तेरा वर्षांच्या, दोन-दोन वर्षं जास्त सराव केलेल्या मुली असतील. तेव्हा तुम्ही किंवा तिचे बाबा तिथे हजर असा, आणि घरी येताना कोण जिंकलं ते न विचारता, तिचा कोणता ठोसा बसला ते विचारा.

गच्चीवरच्या फुलीपासून ती किती लांब संपली तेही कळवा. चार पावलं असली तर एखाद्या रविवारी सकाळी तिला घेऊन भुसावळला या, ड्रेस आणि पाण्याची बाटली आणा. त्याचे पैसे लागत नाहीत.